बाहेरच्या देशांतले निष्कर्ष आपल्या गावच्या धोक्याला लावताना

यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या विंधन विहिरीचा तपासणी अहवाल येतो, त्यात फ्लोराइड लिटरमागे १.४ मिलिग्रॅम असल्याचे लिहिलेले असते आणि हे पाणी प्यावे की नाही, असा प्रश्न ग्रामसभेत उभा राहतो. एक जण मोबाइलवर पाहून सांगतो की जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १.५ आहे, म्हणजे पाणी चांगले आहे. दुसरा सांगतो की अमेरिकेत तर ४ पर्यंत चालते. तिसरा भारतीय मानकाकडे बोट दाखवतो, कारण त्यात १ ही स्वीकारार्ह मर्यादा दिली असून दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत मुभा आहे. तिघांचेही आकडे खरे असतात. तरीही त्यांतला एकही आकडा, एप्रिलच्या उन्हात वावरात राबणाऱ्या बाईने त्या हातपंपाचे पाणी प्यावे का, या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

कोणत्याही देशातल्या अभ्यासाच्या निष्कर्षात दोन गोष्टी एकत्र शिवलेल्या असतात. एक म्हणजे पदार्थाचा गुण: तो शरीरात, मातीत किंवा पाण्यात काय करतो आणि कोणत्या वाटेने करतो. दुसरी म्हणजे ज्या परिस्थितीत तो मोजला गेला ती परिस्थिती: तिथले हवामान, तिथली माती, तिथल्या लोकांचे खाणेपिणे, काम आणि कपडे. गुण सरहद्द ओलांडून इथे येतो. फ्लोराइड अमेरिकेत हाडात साठते तसेच ते केळापूर तालुक्यातही साठते. मात्र सुरक्षित मर्यादेचा आकडा त्या परिस्थितीसकट तयार झालेला असतो, आणि परिस्थिती बदलली की तो पुन्हा मांडावा लागतो. हे पुन्हा मांडण्याचे काम करायला शास्त्रज्ञच लागतो असे नाही. पाणी व स्वच्छता समितीचे सदस्य, गावातले शिक्षक, कृषी सहायक आणि जनसुनावणीला उभे राहणारे गावकरी यांना ते कसे करता येईल, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे.

एक नीट वापरलेला निष्कर्ष

आधी एक उदाहरण पाहू, कारण पुढच्या प्रत्येक पावलाला त्याचा आधार आहे. विदर्भात पूर्वी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की काही तासांत गिधाडांचा थवा उतरत असे. १९९०च्या दशकापासून ती झपाट्याने नाहीशी झाली आणि कारण कळेना. रोग असावा, असा अनेकांचा कयास होता. कारण सापडले ते पाकिस्तानात. मेलेल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या अवयवांवर युरिक आम्लाचे थर दिसले, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि अशा प्रत्येक पक्ष्यात डायक्लोफिनॅक या जनावरांच्या वेदनाशामकाचे अंश मिळाले. इतर कारणांनी मेलेल्या गिधाडांत ते मिळाले नाहीत. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला आणि २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर बंदी आणली.

बंदीची घाई झाली नाही आणि फार दिरंगाईही झाली नाही, याचे कारण मधल्या काळात नेमके आवश्यक तेवढे तपासले गेले. गिधाडांची जात तीच होती. औषध तेच होते आणि ते इथल्या गुरांना तितकेच सर्रास टोचले जात होते. भारत आणि नेपाळमधल्या मृत गिधाडांच्या अवयवांतही तोच विकार आणि तेच औषध आढळले. पर्याय म्हणून मेलोक्सिकॅम सुचवले गेले, तेव्हा त्याची चाचणी आधी दक्षिण आफ्रिकेतल्या जवळच्या जातीवर आणि मग इथल्या गिधाडांवर घेतली गेली. डायक्लोफिनॅकच्या चाचणीत मात्र अमेरिकेतल्या टर्की गिधाडांवर मोठ्या मात्रेचाही विषारी परिणाम दिसला नाही. तो पक्षी नावाने गिधाड असला तरी कुळाने वेगळा आहे. केवळ नाव पाहून अमेरिकेचा निष्कर्ष उचलला असता, तर डायक्लोफिनॅक निर्दोष ठरले असते. म्हणून कोणता देश प्रगत आहे हे पाहण्यापेक्षा कोणत्या देशातली परिस्थिती आपल्यासारखी आहे हे पाहावे. या बाबतीत पाकिस्तानातल्या पंजाबातली गुरे, औषधे आणि ढोर उघड्यावर टाकण्याची रीत आपल्याला अमेरिकेपेक्षा कितीतरी जवळची होती.

पहिले पाऊल: प्रश्न कागदावर लिहिणे

“तणनाशक वाईट आहे का?” हा प्रश्न फार मोठा आहे आणि त्याचे उत्तर कुठल्याच देशाच्या अहवालात मिळणार नाही. कोण, कशाच्या संपर्कात, कोणत्या वाटेने, किती काळ, आणि त्यातून काय होण्याची भीती आहे, या पाच गोष्टी एका वाक्यात याव्यात. उदाहरणार्थ: “कपाशीत जुलै ते सप्टेंबर या काळात पाठीवरच्या पंपाने आठवड्यातून चार दिवस फवारणी करणाऱ्या मजुराला श्वासातून आणि कातडीतून जाणाऱ्या कीटकनाशकाने तीव्र विषबाधा होण्याचा धोका किती आहे?” असे वाक्य लिहिले की परदेशी अहवालातला कोणता भाग वाचायचा आणि कोणता सोडायचा हे आपोआप ठरते.

दुसरे पाऊल: हातातला कागद कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे

बातमीत सगळ्यालाच “संशोधन” म्हटले जाते, पण प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या जातींचे कागद असतात आणि त्यांची गल्लत झाली की सगळा युक्तिवाद कोसळतो.

पहिली जात म्हणजे पदार्थ अपायकारक असू शकतो का, एवढेच सांगणारा कागद. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष वापरात, अमुक मात्रेत अपाय होण्याची शक्यता किती, हे सांगणारा. तिसरी म्हणजे एखाद्या सरकारने घेतलेला निर्णय. ग्लायफोसेटचे उदाहरण घ्या, कारण चोरबीटी (परवानगी नसलेल्या, तणनाशक सोसणाऱ्या) कपाशीमुळे हे तणनाशक विदर्भात घरोघरी पोहोचले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला “माणसात बहुधा कर्करोगकारक” या गटात घातले. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यापासून माणसाला कर्करोगाचा धोका संभवत नाही, असे मत दिले, आणि २०१६ साली कीटकनाशकांच्या अंशांवरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ बैठकीने अन्नातून येणाऱ्या अंशांमुळे कर्करोगाची शक्यता नाही असे म्हटले. वरवर पाहता या संस्था एकमेकींच्या विरुद्ध बोलत आहेत असे वाटते, आणि गावात दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा कागद फडकवतात. पण पहिली संस्था पदार्थाच्या गुणाबद्दल बोलत होती, तिसरी फक्त ताटातल्या अन्नाबद्दल. त्यांच्यात खरा मतभेदही आहे आणि कोणते अभ्यास धरावेत यावर तो अजून चालू आहे. तरी अन्नातल्या अंशांविषयीचा निष्कर्ष घेऊन, हातमोजे न घालता दिवसभर पंप मारणारा माणूस सुरक्षित आहे असे म्हणणे, हे कोणत्याही बाजूने चूकच आहे.

निर्णयाचा कागद तर आणखी जपून वापरावा. श्रीलंकेने २०१५ साली ग्लायफोसेटवर बंदी घातली, २०१८ साली चहा व रबराच्या मळ्यांसाठी ती सैल केली. बंदी होती म्हणून अपाय सिद्ध झाला असे नाही, आणि बंदी सैल झाली म्हणून अपाय नाही असेही नाही. सरकारच्या निर्णयात पीक, व्यापार, निवडणूक आणि लोकांची भीती हे सगळे मिसळलेले असते. युरोपात एखाद्या औषधाला मान्यता नाही हे कळले तर त्याचे कारणही शोधावे, कारण कधी ते मधमाश्यांसाठी असते, कधी भूजलासाठी, तर कधी मान्यतेचे नूतनीकरण करायला कंपनीच पुढे आलेली नसते. कारण समजल्याशिवाय “युरोपात बंद आहे” हे वाक्य अर्जात लिहू नये. समोरचा अधिकारी त्या एका वाक्यावर पूर्ण अर्ज बाजूला ठेवू शकतो.

अहवाल मराठीत आणण्यासाठी मोबाइलवरचे भाषांतर वापरत असाल, तर एक वाक्य नेहमी मूळात पडताळून घ्या. “अपायाचा पुरावा आढळला नाही” आणि “अपाय होत नसल्याचा पुरावा आढळला” यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की कोणी पुरेसे पाहिलेच नाही.

तिसरे पाऊल: एकके जुळवणे

हे पाऊल छोटे आहे, पण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त अर्ज इथेच अडखळतात. विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटचा आक्षेप मी असा लिहिलेला पाहिला आहे: “अमेरिकेत मर्यादा १० आहे, आपल्याकडे ४५ आहे, म्हणजे आपले सरकार साडेचार पट विष पाजते.” आकडे दोन्ही बरोबर होते. पण अमेरिकेचा १० मिलिग्रॅमचा आकडा नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचा आहे आणि भारताचा ४५ हा पूर्ण नायट्रेटचा. दहाला ४.४३ ने गुणले की ४४.३ येतात, म्हणजे मर्यादा जवळजवळ एकच आहे. त्या अर्जातली खरी तक्रार, उकिरड्याला लागून असलेल्या विहिरीची, या एका चुकीमुळे कोणी ऐकून घेतली नाही.

पाण्याच्या बाबतीत दशलक्षांश (पीपीएम) म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम आणि अब्जांश (पीपीबी) म्हणजे लिटरमागे मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन्हींत हजारपटीचा फरक असतो. अमेरिकी कागदातला एकरी एक पौंड म्हणजे हेक्टरी सुमारे १.१२ किलो. युरोपातल्या अनेक देशांत दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात, त्यामुळे तिथला १,५ हा आपला १.५ असतो. कीटकनाशकाची मात्रा देताना ती मूळ क्रियाशील घटकाची आहे की बाटलीतल्या तयार औषधाची, हेही पाहावे.

चौथे पाऊल: परिस्थिती शेजारी शेजारी मांडणे

एका कागदावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे अभ्यास झाला तिथली स्थिती लिहा, उजवीकडे आपल्या गावची. रकाने कोणते असावेत हे विषयावर ठरते, पण उन्हाळा, पाणी, काम, माती आणि शरीर हे पाच विदर्भात बहुतेक वेळा लागतात.

फवारणीचा प्रश्न या पद्धतीने मांडून पाहू. २०१७ साली जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्यांच्या वावरात वापरली गेलेली बरीचशी औषधे बाजारात मान्यता असलेलीच होती. मान्यतेसाठी जगभर जे धोक्याचे गणित केले जाते, त्यात फवारणारा माणूस लेबलप्रमाणे मात्रा घेईल, संरक्षक कपडे घालील, आणि ठरावीक तासच काम करील असे गृहीत असते. युरोपातल्या मोठ्या शेतांवर तर फवारणी बंद केबिनच्या ट्रॅक्टरमधून होते. उजव्या रकान्यात आपण काय लिहू? पऱ्हाटी छातीच्या, कधी डोक्याच्या वर गेलेली आहे, म्हणून फवारा वर मारावा लागतो आणि अंगावर पडतो. पंप पाठीवर आहे आणि गळतो. भाद्रपदातल्या दमट उन्हात जाड कपडा आणि मुखवटा घालून अर्धा तासही काम होत नाही. घामाने भिजलेल्या कातडीतून औषध अधिक शोषले जाते. एका पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि वाढीचे टॉनिक एकत्र ढवळलेले असते, तर परदेशी अहवाल बहुतेक वेळा एकेका औषधाचाच असतो. शिवाय मजूर एका दिवशी दोन-तीन मालकांच्या वावरात फवारतो.

असा कागद तयार झाला की परदेशी अहवालातले कोणते वाक्य आपल्याला लागू पडत नाही ते बोट ठेवून दाखवता येते. आणि कोणते लागू पडते तेही सापडते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून केलेल्या कीटकनाशक व्यवस्थापनाच्या आचारसंहितेत असे म्हटले आहे की ज्या औषधांसाठी त्रासदायक, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ती टाळावीत, विशेषतः उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत. हे वाक्य आपल्या परिस्थितीकडे पाहूनच लिहिलेले आहे, आणि युरोपच्या कोणत्याही बंदीपेक्षा ते आपल्या उपयोगाचे आहे.

कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणाऱ्या रंगीत त्रिकोणाबद्दलही इथेच सांगायला हवे. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे रंग प्राण्यांच्या पोटात किंवा कातडीवर एकदाच दिलेल्या मात्रेवरून ठरतात. आठवडाभर रोज श्वासातून जाणाऱ्या फवाऱ्याबद्दल किंवा एका पंपात मिसळलेल्या चार औषधांबद्दल तो रंग काहीही सांगत नाही.

मातीचा रकाना लोक बहुधा सोडून देतात. औषध मातीत किती दिवस टिकते, याचे परदेशी आकडे बहुधा २० अंश तापमानाला, ओलसर ठेवलेल्या मातीत, प्रयोगशाळेत मोजलेले असतात. आपल्याकडे ऊन जास्त म्हणून औषध लवकर मोडेल, असे विक्रेते सांगतात, आणि पावसाळ्यात ते काही अंशी खरेही असते. परंतु फेब्रुवारीनंतर काळी माती वाळून भेगाळते, तिच्यातले जिवाणू मंदावतात आणि औषध मोडण्याचे कामही मंदावते. पहिल्या मृगाच्या पावसात भेगांतून पाणी थेट खाली जाते, तेव्हा वर राहिलेले अंशही त्याच वाटेने उतरू शकतात. शिवाय सोयाबीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या क्लोरिम्युरॉनसारख्या सल्फोनिलयुरिया गटातल्या तणनाशकांचे विघटन आम्लधर्मी मातीत लवकर होते आणि अल्कधर्मी मातीत रेंगाळते. आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) साधारण ७.५ ते ८.५ असतो, म्हणून सामू ६ असलेल्या जमिनीत मोजलेला टिकाऊपणाचा आकडा इथे धरू नये, आणि मागून येणारे पीक संवेदनशील असेल तर कोपऱ्यात थोडे बियाणे टाकून उगवण पाहूनच पेरावे.

वीजकेंद्र आणि कोळसा खाणींच्या शेजारच्या गावांसाठी दोन बाबी पुरेशा आहेत. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळदा ३० ते ४५ टक्के असते. १० टक्के राखेचा कोळसा जाळणाऱ्या परदेशी केंद्रात टनामागे १०० किलो राख निघते, तर ३५ टक्क्यांच्या कोळशातून ३५० किलो. त्यामुळे राख, धूळ आणि राखेच्या तलावाविषयीचे टनामागचे परदेशी आकडे जसेच्या तसे घेतलेले दिसले तर विचारणा करावी. खाणीच्या पर्यावरण अहवालात धुळीचा अंदाज अनेकदा अमेरिकेच्या “एपी-४२” या संग्रहातल्या सूत्रांनी काढलेला असतो. त्यातली कोळसा खाणीची सूत्रे पश्चिम अमेरिकेतल्या उघड्या खाणींच्या मोजमापांवर बेतलेली आहेत. सूत्र वापरण्यात गैर काही नाही, मात्र रस्त्यावरच्या बारीक गाळाचे प्रमाण वणी किंवा उमरेडच्या रस्त्यावर मोजून घातले आहे की पुस्तकातून उचलले आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

पाचवे पाऊल: आकडा पुन्हा मांडणे

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे १.४ मिलिग्रॅम फ्लोराइडकडे परत येऊ. हे गणित मी सविस्तर देतो, कारण ते एकदा हाताने केले की पद्धत कायमची बसते.

जागतिक आरोग्य संघटना पाण्यातल्या रसायनांच्या मर्यादा काढताना साधारणपणे ६० किलो वजनाचा प्रौढ दिवसाला २ लिटर पाणी पितो असे धरते. फ्लोराइडबाबत तिचाच खुलासा आहे की देशांनी आपली मर्यादा ठरवताना हवामान, पिण्याच्या पाण्याचे प्रमाण आणि इतर वाटांनी येणारे फ्लोराइड विचारात घ्यावे. म्हणजे १.५ हा आकडा देणाऱ्यांनीच तो जसाच्या तसा घेऊ नका असे सांगितले आहे, पण मोबाइलवर फक्त आकडा दिसतो. त्याच संघटनेच्या आढाव्यानुसार दिवसाला एकूण १४ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेल्यास हाडांवर स्पष्ट परिणाम दिसतात आणि सुमारे ६ मिलिग्रॅमच्या वर धोका वाढत असल्याची चिन्हे आहेत. हे निष्कर्ष भारत आणि चीनमधल्या अभ्यासांवरून आले आहेत, त्यामुळे ते आपल्या जवळचे आहेत.

पाणी २ लिटर प्यायले तर १.४ गुणिले २, म्हणजे २.८ मिलिग्रॅम. हे ६ च्या बरेच खाली आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर असताना, रोजगार हमीच्या कामावर किंवा वावरात दिवसभर राबणारा माणूस ५ ते ६ लिटर पाणी सहज पितो. तेव्हा १.४ गुणिले ५ म्हणजे ७.०, आणि ६ लिटरला ८.४ मिलिग्रॅम. त्याच पाण्यात शिजलेली डाळ, भात आणि चहातले फ्लोराइड वेगळे. आता उलटे मांडा: ६ मिलिग्रॅमच्या आत राहायचे आणि ६ लिटर प्यायचे, तर पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड नको. भारतीय मानकाची १ ही स्वीकारार्ह मर्यादा आणि आपले हे साधे गणित एकाच जागी येऊन मिळतात.

दुसऱ्या माणसाच्या “अमेरिकेत ४ चालते” या म्हणण्याचे काय करायचे? तो आकडा हाडे वाकवणाऱ्या गंभीर फ्लोरोसिसपासून बचावासाठी १९८६ साली ठरला. तिथेच दातांसाठी पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालताना १९६२ पासून हवेच्या तापमानानुसार ०.७ ते १.२ असा पट्टा ठेवला होता, गरम प्रदेशात कमी आणि थंड प्रदेशात जास्त. २०१५ साली हा भेद काढून सगळीकडे ०.७ केले गेले, कारण बाहेरच्या तापमानाने मुलांच्या पाणी पिण्यात फरक पडतो असे तिथल्या नव्या माहितीत दिसेना. घर, शाळा आणि गाडी थंड केलेली असेल तर असे होणारच. तो निष्कर्ष तिथे खरा आहे. कौलारू घरातल्या आणि धुऱ्यावर बसलेल्या माणसाला तो लावता येणार नाही, त्याला १९६२चा विचारच अधिक लागू पडतो.

गणिताला लागणारा पाण्याचा आकडा अंदाजाने घेऊ नये. मे महिन्यातल्या दोन-तीन दिवशी दहा-बारा घरांत लिटरची बाटली देऊन कोण किती पाणी पितो ते मोजावे. त्यात मजूर, गरोदर बाया आणि आठ वर्षांखालची मुले वेगळी लिहावीत, कारण पक्के दात घडण्याचे वय तेच असते. हा आकडा कोणत्याही देशाच्या अहवालात मिळणार नाही आणि तो मिळवायला एक पैसाही लागत नाही.

रोग सारखा दिसला म्हणून कारण उसने घेऊ नये

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाण पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत, आणि तिथल्या माणसांना उत्तर हवे आहे. अशा वेळी परदेशी निष्कर्षांचा मोह सर्वांत मोठा असतो. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातल्या शेतकऱ्यांत १९९०च्या दशकापासून मूत्रपिंडाचा असा आजार आढळतो, ज्याला मधुमेह किंवा रक्तदाब हे नेहमीचे कारण नसते. तिथे कठीण पाणी, फ्लोराइड, शेतीतली रसायने यांवर संशय घेतला गेला आहे. एल साल्वादोर आणि निकाराग्वामधल्या ऊसतोड मजुरांतही असाच आजार आहे, आणि तिथे कडक उन्हातले कष्ट व शरीरातले पाणी वारंवार कमी होणे याकडे अधिक बोट दाखवले जाते. दोन्हीकडे एकमेव कारण अजून ठरलेले नाही.

त्यामुळे “श्रीलंकेत रसायनांमुळे झाले, म्हणून इथेही” असे लिहिण्याऐवजी तिथल्या अभ्यासाची पद्धत उसनी घ्यावी. आधी मधुमेह, रक्तदाब, मुतखडा आणि वेदनाशामक गोळ्यांची सवय असलेले रुग्ण वेगळे काढावेत. उरलेल्यांचे वय, काम, पाण्याचा स्रोत आणि उन्हातले तास लिहावेत, आणि आरोग्य केंद्राकडे क्रिएटिनीनच्या (मूत्रपिंडाचे काम कसे चालते ते दाखवणाऱ्या) तपासणीची लेखी मागणी करावी. यादीत तरुण मजूरच जास्त निघाले तर मध्य अमेरिकेचा अनुभव जवळचा ठरतो, एकाच विहिरीवरची बाया-माणसे सारखी निघाली तर पाण्याकडे आधी पाहावे लागते. एल साल्वादोरमध्ये मजुरांसाठी राबवलेला पाणी, विसावा आणि सावली यांचा उपक्रम मात्र कारण ठरेपर्यंत थांबून न राहता घेण्यासारखा आहे, कारण अंदाज चुकला तरी त्यातून कोणाचे नुकसान होत नाही.

इथे पडताळणे, मग मांडणे

पडताळणी लहान असली तरी चालते, पण तिची नोंद चोख हवी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या संचाने प्राथमिक चाळणी करावी आणि रंग संशयास्पद आला की नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवावा. फ्लोराइडसाठी बाटली प्लॅस्टिकची घ्यावी, काचेची नको. हातपंप काही मिनिटे चालवून, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळून मग भरावी, आणि स्रोताचे नाव, खोली, तारीख व वेळ बाटलीवरच लिहावी. उन्हाळ्यातला एक आणि पावसाळ्यानंतरचा एक असे दोन नमुने नसतील, तर समोरचा पक्ष ऋतूचा आक्षेप घेणारच.

प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर २००६च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी सूचना आणि अहवालाचा मराठी सारांश मिळायला हवा. तोंडी बोलण्याबरोबर लेखी आक्षेप द्यावा आणि पोच घ्यावी. आक्षेप असा असावा: “अहवालाच्या अमुक पानावरचा आकडा अमुक देशात अमुक परिस्थितीत मोजलेला आहे. आमच्या गावची परिस्थिती या तीन बाबतींत वेगळी आहे. ती धरून गणित केल्यास आकडा इतका येतो. म्हणून स्थानिक मोजमाप करून अहवाल दुरुस्त करावा.” परदेशी मर्यादा स्वतःच्या बाजूने वापरतानाही हाच नियम पाळावा. हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांची (पीएम २.५) वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली आणि भारताची ४० आहे, हे सांगणे योग्यच आहे, पण भारतात कायद्याने बंधनकारक ४० आहे हेही त्याच परिच्छेदात लिहावे.

“पूर्ण पुरावा नाही” असे उत्तर मिळाले, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम २० चा उल्लेख करावा. निर्णय देताना न्यायाधिकरणाने सावधगिरीचे तत्त्व लावायचे आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मात्र सावधगिरीचा दावा करायलाही धोका पटण्याजोगा दाखवावा लागतो, आणि परदेशी निष्कर्षाचा खरा उपयोग तिथे होतो: पदार्थाचा गुण त्यांच्या अभ्यासातून, संपर्काचे मोजमाप आपल्या गावातून, आणि दोन्हींचे गणित एका पानावर.

ते पान, दोन रकान्यांचा कागद आणि प्रयोगशाळेचे अहवाल ग्रामपंचायतीच्या दप्तरात एकत्र लावावेत, ग्रामसभेच्या ठरावात त्यांचा क्रमांक नोंदवावा, आणि पुढच्या मे महिन्यात पाण्याच्या बाटल्या घेऊन पुन्हा त्याच दहा-बारा घरी जावे.